राखणदाराची राखण

सुगी आटोपली, शेते मोकळी झाली, म्हणजे बेळगावच्या आसपासच्या रस्त्यांवरून धनगरांचे कळप जाऊ लागतात. मोटारी थांबतात, धूळ उडते, आणि मेंढरांचा तो काळा-करडा ओघ रस्ता अडवून संथपणे पुढे सरकतो. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांना ठाऊकच असेल की, शेतात मेंढरे बसविण्यासाठी शेतकरी धनगराला आपण होऊन धान्य किंवा पैसे देतो. कारण लेंडीखताची सर दुसऱ्या खताला येत नाही, अशी त्याची खात्री असते. अशा वेळी मेंढरे किती, ती कोणाची, मुक्काम किती दिवसांचा, अशी सारी चौकशी होते. पण खांद्यावर घोंगडे टाकलेल्या त्या धनगराच्या पायाशी जो कुत्रा चालत असतो, त्याची चौकशी करताना आम्ही आजवर कोणास ऐकले नाही. त्याची जात कोणती, त्याचे आईबाप कोण, तो म्हातारा झाल्यावर त्याच्यासारखा दुसरा कोठून मिळणार, हे प्रश्न आपल्या मनात येतच नाहीत.

हेच प्रश्न ज्यांनी आपल्या आयुष्याचे काम म्हणून पत्करले, अशा काही माणसांची हकीकत आम्हांला या लेखात सांगावयाची आहे. त्यांनी ज्या प्राण्याला जपले, तो आपल्यापासून फार दूरच्या, उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड नावाच्या बेटावरचा मेंढपाळ कुत्रा होय.

आरंभीच एक भेद ध्यानात घ्यावा. मेंढरांच्या कामी येणारे कुत्रे दोन प्रकारचे असतात. एकाचे काम राखण्याचे व दुसऱ्याचे हाकण्याचे. आपल्याकडील धनगराचा कुत्रा मुख्यतः राखणीचा. रात्री लांडगा आला तर त्याच्यावर तुटून पडावे, हा त्याचा धर्म. हाकणारा कुत्रा निराळा. तो कळपाभोवती फिरतो, फुटलेल्या मेंढीला परत आणतो आणि धन्याने दाखविलेल्या दिशेला सारा कळप नेतो. आइसलँडात लांडगे नाहीत. तेथील भूमीवर मूळचा वस्तीला असलेला रानटी मांसाहारी पशू म्हणजे एक ध्रुवीय कोल्हा. म्हणून तेथे राखणीपेक्षा हाकण्याला महत्त्व आले. उन्हाळ्यात तेथील मेंढ्या डोंगरपठारांवर मोकळ्या सोडतात. त्यांच्यामागे गुराखी नसतो, कुंपण नसते. सप्टेंबर महिन्यात थंडीची चाहूल लागली, की गावोगावचे शेतकरी घोड्यांवर बसून त्यांना गोळा करावयास निघतात. धुक्यात, ओढ्यांच्या काठी, लाव्हारसाच्या खडकांआड दडलेल्या मेंढ्या हुडकून त्यांना खाली आणावयाचे असते. खाली मोठे वाटोळे कोंडवाडे बांधलेले असतात; तेथे प्रत्येक मेंढीच्या कानावरची खूण पाहून ज्याची त्याला देतात. या कामी तो कुत्रा घोड्याच्या पुढे-मागे धावतो, भुंकतो आणि मेंढरांना वाटेवर आणतो. मुकाट्याने काम करणे त्याच्या स्वभावातच नाही. इतकेच नव्हे, तर आकाशात मोठा पक्षी दिसला, की तो वर पाहून भुंकू लागतो. कारण नुकत्याच जन्मलेल्या कोकरांना कावळ्यांच्या जातीच्या डोमकावळ्यांचे व इतर मोठ्या पक्ष्यांचे भय असे, आणि त्यांना पिटाळून लावण्याचे काम पिढ्यान् पिढ्या या कुत्र्याकडे होते.

दिसण्यात तो मध्यम चणीचा. नर खांद्यापाशी सुमारे ४६ सेंटिमीटर, मादी ४२. म्हणजे शाळेतली फूटपट्टी दीड वेळा उभी धरली, तर त्याची उंची भरेल. कान ताठ उभे, शेपटी पाठीवर वळलेली, अंगावर केसांचे दोन थर, बाहेरचा भरड व आतला मऊ. रंग तांबूस, पिवळसर, करडा, काळा असा कोणताही. पण त्याच्याबरोबर पांढरा हवाच. मागच्या पायांच्या आतल्या बाजूस, जमिनीला न टेकणारी जादा बोटे असतात. ती दुहेरी असल्यास अधिक चांगले मानतात.

नवव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेतील लोक जहाजांतून या निर्जन बेटावर वस्तीस आले, तेव्हा घोडे, मेंढ्या व कुत्रे त्यांच्याबरोबरच आले. पुढे या कुत्र्यांची कीर्ती समुद्रापार गेली. इंग्लंडातील जॉन कायस या वैद्याने १५७० साली कुत्र्यांविषयी लॅटिन भाषेत एक पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात आइसलँडच्या कुत्र्यांचा उल्लेख आहे. शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ या नाटकात तर एक पात्र दुसऱ्याला शिवी देताना त्याला आइसलँडचा कुत्रा म्हणते! शिवीत का होईना, पण नाव लंडनच्या रंगभूमीपर्यंत पोचले होते, हे खरे.

अशा या जातीवर एकोणिसाव्या शतकात संकट आले, आणि ते तिच्या कामातूनच उद्भवले. त्या काळी आइसलँडात एका भयंकर रोगाने पुष्कळ माणसे आजारी पडत. पोटात, बहुधा यकृतात, पाण्याने भरलेल्या मोठ्या गाठी होत. त्याचे कारण एक लहानसा पट्टकृमी. मेंढीच्या आतड्या-काळजात त्याच्या गाठी असत. मेंढी कापल्यावर ते टाकाऊ मांस कुत्रा खाई. कुत्र्याच्या आतड्यात कृमी वाढे. त्याची अंडी विष्ठेवाटे गवतावर पडत, तेथून पुन्हा मेंढीच्या व हातांवाटे माणसांच्या पोटात जात. हाराल्ड क्राबे हे डेन्मार्कचे पशुवैद्य १८६३ साली आइसलँडला गेले व त्यांनी तेथील या रोगाचा अभ्यास केला. मग कुत्र्यांना जंताचे औषध देणे, टाकाऊ मांस त्यांच्या तोंडी लागू न देणे आणि कुत्र्यांवर कर बसवून त्यांची संख्या घटविणे, असे उपाय सुरू झाले. रोग हटला, हे त्या देशाच्या आरोग्याचे मोठे यश होय. पण कुत्रेही घटले. त्यातच कुत्र्यांच्या साथी आल्या. त्या दिवसांत एका चांगल्या कुत्र्यासाठी शेतकरी एक घोडा व दोन मेंढ्या देत असत, असे सांगतात. पुढे १९२४ साली राजधानी रेक्याविक येथे कुत्रे पाळण्यास बंदी झाली. ती १९८४ पर्यंत टिकली. शहरात कुत्रा नाही, आणि खेड्यांत परदेशी कुत्र्यांशी संकर झालेला; अशा स्थितीत विसाव्या शतकाच्या मध्यास जुनी जात दुर्गम खोऱ्यांतच काय ती उरली.

येथे मार्क वॉटसन या इंग्रज गृहस्थांचा प्रवेश होतो. ते आइसलँडात जन्मलेले नव्हते, मेंढपाळही नव्हते. तरुणपणी १९३० नंतरच्या दशकात ते त्या बेटावर प्रवासास गेले आणि त्या भूमीच्या प्रेमात पडले. १९५० नंतर पुन्हा गेले, तेव्हा पूर्वी पाहिलेले कुत्रे त्यांना दिसेनात. आपण असतो तर हळहळून घरी परतलो असतो. वॉटसन यांनी खोरी धुंडाळून चांगले नमुने शोधले, त्यांपैकी काही अमेरिकेत कॅलिफोर्नियाला नेले, तेथे त्यांची पैदास केली, आणि १९५७ साली या कुत्र्याचा इतिहास सांगणारे एक पुस्तक प्रसिद्ध केले. दिनांक १८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस. २०१६ पासून आइसलँडात तो त्या कुत्र्याचा दिवस म्हणून साजरा होतो.

परंतु जात वाचते ती शेवटी तिच्या मायभूमीत. १९६७ च्या सुमारास दक्षिण आइसलँडातील ओलाफ्सवेल्लिर या शेतावर सिग्रीदुर पेतुर्सदोत्तिर या बाईंनी शिल्लक कुत्र्यांतून पद्धतशीर पैदास आरंभिली. देशाचे मुख्य पशुवैद्य पाउल पाउल्सन यांचे त्यांना मार्गदर्शन होते. १९६९ साली आइसलँडाचा केनेल क्लब स्थापन झाला, तो मुख्यतः या जातीच्या रक्षणासाठीच. १९७९ साली त्यात या जातीचा स्वतंत्र विभाग निघाला. १९९६ साली निरनिराळ्या देशांतील संघटनांनी एकत्र येऊन एक सहकारी मंडळ स्थापिले. आज युरोपातील अनेक देशांत व अमेरिकेतही हे कुत्रे आढळतात.

आता कोणी म्हणेल, कुत्र्यांची प्रदर्शने भरविणे म्हणजे श्रीमंतांची हौस. तिचा जात वाचविण्याशी काय संबंध? ही शंका रास्त आहे. म्हणून प्रदर्शनात नेमके काय चालते, ते पाहू.

प्रत्येक जातीचा एक लेखी मानदंड असतो. उंची किती, कान कसे, चाल कशी, स्वभाव कसा, हे त्यात नमूद केलेले असते. रिंगणात परीक्षक दोन कुत्र्यांची तुलना करतो असे आपणांस वाटते. वास्तविक तो प्रत्येक कुत्र्याची तुलना त्या मानदंडाशी करतो. तो दात पाहतो, केसांखाली हात घालून हाडांची ठेवण चाचपतो, कुत्र्याला धावावयास लावून पाय सरळ पडतात की नाही, हे न्याहाळतो. युरोपातील बहुतेक प्रदर्शनांत तो प्रत्येक कुत्र्यासंबंधी आपला अभिप्राय सांगतो व शेजारी बसलेला लेखनिक तो उतरून घेतो. म्हणजे ही एक प्रकारची परीक्षाच. आइसलँडच्या कुत्र्याच्या बाबतीत तर केस कातरून त्याला देखणा करण्याची मुभाच नाही. आंघोळ घालावी, विंचरावे, आणि जसा आहे तसा उभा करावा. हिवाऱ्यात भिजून काम करावयाचे असेल तर अंगावरचा कोट निसर्गाने दिला तसाच हवा, हा त्यामागील अर्थ. याखेरीज प्रदर्शनाचा आणखी एक उपयोग आहे. दूरदूरचे पालक तेथे एकत्र येतात, एकमेकांचे कुत्रे डोळ्यांनी पाहतात, आणि कोणाचा नर कोणाच्या मादीला योग्य, याची बोलणी तेथेच होतात. आपल्याकडे सोयरीक जुळविताना वडील माणसे कुळे पाहतात; या मंडळींजवळही प्रत्येक कुत्र्याचा कुळवृत्तान्त कित्येक पिढ्यांचा लिहिलेला असतो.

अशा पालकाचा दिनक्रम मात्र बक्षिसांच्या छायाचित्रांत दिसत नाही. बाहेर काळोख आणि बर्फ असताना पहाटे उठून कुत्र्यांना फिरावयास न्यावे लागते, कारण ही जात दिवसभर घरात पडून राहणारी नव्हे. भुंकण्याच्या सवयीमुळे शेजाऱ्यांची मर्जी सांभाळावी लागते. प्रदर्शनाच्या दिवशी कित्येक तास मोटार हाकून जावे, दिवसभर बाकावर बसावे, आणि रिंगणात उभे राहावे ते जेमतेम काही मिनिटे. जोडी जुळविण्यापूर्वी दोन्ही कुत्र्यांच्या खुब्याच्या सांध्यांची क्ष-किरण तपासणी आणि डोळ्यांची परीक्षा करावी लागते. दोष आढळला तर वर्षभराचा बेत सोडून द्यावा लागतो. मादी सुमारे ६३ दिवस गाभण असते. विण्याच्या रात्री घरातील कोणी झोपत नाही. पुढे प्रत्येक पिल्लाचे रोज वजन करून ते वहीत टिपतात. एखाद्याचे वजन वाढेना, तर त्याला हाताने दूध पाजतात. दुसऱ्या आठवड्यात डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांना माणसांचे आवाज, मुलांचे हात, भांड्यांचा खडखडाट यांची ओळख करून द्यावयाची. कारण त्या वयात जे भय बसते, ते जन्मभर जात नाही. आणि आठ-नऊ आठवडे जिवापाड सांभाळल्यावर ती पिल्ले दुसऱ्यांच्या घरी पाठवावयाची. घेणाऱ्याची चौकशी वधूपित्याने करावी तशी ते करतात. वर्षाला एखादेच वेत, त्यात चार-पाच पिल्ले. वैद्याचा, प्रवासाचा, खाण्याचा खर्च वजा जाता हाती फारसे काही उरत नाही. हा धंदा नव्हे; ही एक राहणी आहे.

इतके केल्यावर तरी जात वाचली का? येथेच या हकीकतीचा खरा पेच आहे, आणि तो आमच्या विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात आइसलँडच्या मेंढपाळ कुत्र्यांच्या साऱ्या वंशावळी तपासण्यात आल्या. नोंदीच्या मुळाशी ३६ पूर्वज होते, असे आढळले. परंतु त्या वेळी हयात असलेल्या सर्व कुत्र्यांत मिळून जी आनुवंशिक विविधता उरली होती, ती केवळ २.२ पूर्वजांचा वारसा सारखा व अखंड उतरला असता तर जेवढी राहिली असती, तेवढीच होती. संख्या वाढत होती आणि वारसा आटत होता!

हे कसे घडले? आपण एका मठातील ग्रंथसंग्रहाची कल्पना करू. तेथे ३६ निरनिराळ्या पोथ्या आहेत. नकला करणाऱ्यांना त्यांपैकी दोन-तीन पोथ्यांचे अक्षर फार आवडले. ते त्यांच्याच नकला करीत राहिले, आणि बाकीच्या पोथ्यांना वाळवी लागली. शंभर वर्षांनी कपाटे पूर्वीपेक्षा अधिक भरलेली दिसतील. पण वाचावयास गेल्यास तीच दोन-तीन पुस्तके पुन्हा पुन्हा हाती येतील. कुत्र्यांत नकला करणारी आवड म्हणजे बक्षीस. रिंगणात जो नर पहिला येतो, त्याच्याकडे साऱ्या पालकांची रीघ लागते. त्याची पिल्ले चहूकडे पसरतात. दोन पिढ्यांनी पाहावे, तर जुळवावयाच्या प्रत्येक जोडीत तोच कोणाचा आजा, तोच कोणाचा पणजा!

यात धोका कोणता, तेही सांगतो. प्रत्येक पिल्लाला प्रत्येक गुणाच्या दोन प्रती मिळतात. एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत सदोष असली तरी दुसरी चांगली असेल तर बहुधा निभावते. पण आईबाप एकाच पूर्वजाचे वंशज असतील, तर तीच सदोष प्रत दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. सख्ख्या भावंडांची जोडी असेल, तर एखाद्या गुणाच्या दोन्ही प्रती एकाच मूळ प्रतीवरून आलेल्या असण्याचा संभव शेकडा २५ असतो. सावत्र भावंडांत १२.५; चुलत भावंडांत ६.२५. यातूनच लपलेले रोग उघड होतात, वेते लहान होतात, रोगप्रतिकाराची शक्ती घटते. आणि एकदा गेलेली प्रत मागाहून कितीही पिल्ले वाढविली, तरी परत येत नाही.

म्हणून या जातीच्या जाणत्या पालकांपुढे एक अवघड कर्तव्य उभे आहे. आपला नर प्रदर्शनात जिंकला, तरी त्याला मर्यादेपेक्षा अधिक वेतांसाठी देऊ नये. उलट, ज्याचा कान किंचित ढिला आहे, ज्याला रिंगणात कोणी विचारीत नाही, पण जो निरोगी आहे व ज्याच्या कुळाचे कुत्रे थोडे उरले आहेत, त्याचा शोध घ्यावा आणि त्याला वंश वाढविण्याची संधी द्यावी. दूरच्या देशातील अनोळखी घराण्याशी संबंध जोडण्यासाठी शेकडो मैलांचा प्रवास करावा. यात टाळ्या मिळत नाहीत. बक्षिसाचा मोह बाजूला सारून, आपल्या मरणानंतर पन्नास वर्षांनी जन्मणाऱ्या पिल्लांचा विचार येथे करावा लागतो. त्याच अभ्यासात असेही दिसून आले की, सर्व कुत्र्यांची योजना अगदी काटेकोर केली, तर २.२ चा आकडा वाढून ४.७ पर्यंत जाऊ शकेल. मात्र प्रत्येक पालक आपापल्या मर्जीने चालत असता हे साधणे दुरापास्त आहे. म्हणजे एकट्याने केलेला चांगुलपणा येथे पुरत नाही; सर्वांनी मिळून तो करावा लागतो. प्रदर्शन वाईट, असे आमचे म्हणणे नाही. प्रदर्शनावाचून हे लोक एकत्र आले नसते आणि जातीचे रूपही टिकले नसते. पण परीक्षेतील पहिला क्रमांक म्हणजे विद्या नव्हे, हे जसे आम्ही वर्गात सांगतो, तसेच रिंगणातील पहिला क्रमांक म्हणजे जातीचे रक्षण नव्हे.

या गोष्टीचा आपल्याशी काही संबंध आहे का? आहे. बेळगावहून फार लांब नसलेले मुधोळ हे पूर्वी घोरपडे घराण्याचे संस्थान. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी आपल्या मुलखातील सडपातळ, वेगवान शिकारी कुत्र्यांची जोपासना केली आणि त्यांची एक जोडी इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज यांना भेट दिली. मुधोळचा कुत्रा मेंढपाळ नव्हे, शिकारी; पण त्याचीही कथा अशीच आहे. एका माणसाने लक्ष घातले, म्हणून एका गावठी कुत्र्याला नाव मिळाले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली. त्यांत मुधोळचा कुत्रा होता आणि हिमालयातील मेंढपाळ कुत्राही होता. मुधोळजवळ तिम्मापूर येथे आता या जातीच्या अभ्यासाचे केंद्रही आहे. नाव मिळाले, मागणी वाढली. आता त्याच्याही वाट्याला मोजक्याच पोथ्यांच्या नकला येऊ नयेत, ही काळजी पाळणाऱ्यांनी घ्यावयास हवी.

आणि आमच्या रस्त्यावरून जाणारा तो धनगराचा कुत्रा? त्याला नाव नाही, मानदंड नाही, वंशावळ नाही. कदाचित त्याचे कुळ अद्याप आटलेले नसेल, कारण त्याला कोणी बक्षीस दिलेले नाही. त्याची निवड लांडग्याने आणि थंडीने केली आहे. परंतु आइसलँडचा कुत्राही हजार वर्षे असाच, कोणी न विचारता, शेतकऱ्याच्या पायाशी चालत होता, आणि तो दिसेनासा झाला तेव्हा ते प्रथम एका परक्या माणसाच्या डोळ्यांत भरले. यंदा सुगीनंतर कळप आपल्या गावाजवळ उतरेल, तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी मेंढरे मोजून झाल्यावर धनगरबाबांना आणखी एक प्रश्न विचारावा. हा कुत्रा तुम्ही कोठून आणला, आणि याच्या आईची आणखी पिल्ले कोणाकडे आहेत? उत्तर वहीत लिहून ठेवावे. राखणदाराची राखण अशा एखाद्या ओळीपासूनच सुरू होते.